वेंधळेपणा आणि वेल्ह्याची वाट

भातलावणीत दिवसभर न थकणारा माणूस पीककर्जाच्या कागदांसाठी सोसायटीत चार हेलपाटे घालतो, तेव्हा भोर-वेल्ह्यात त्यास वेंधळा म्हणून मोकळे होतात. प्रत्येक वेंधळा रोगी नव्हे, हे खरे. परंतु अवधान-न्यूनतेचा विकार, एडीएचडी, प्रौढपणीही टिकतो. भिंतीवरची यादी, कामाचे लहान तुकडे, आठवण देणारा शेजारी यांनी दिवस सावरतो. कित्येकांस औषधही लागते. त्यांपैकी मेथिलफेनिडेट 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत येते. चिठ्ठीसाठी सहसा पुणे गाठावे लागते. ज्यास तारीखच लक्षात राहत नाही, त्यासच तारखा पाळावयास लावणे हा अजब न्याय आहे! 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही सेवा प्राथमिक स्तरापर्यंत नेण्याचे बंधन शासनावर घातले आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी तज्ज्ञ तालुक्याच्या गावी बसवावा, एवढीच मागणी आहे.