घरी बांधलेला ध्वनिवर्धक

ग्रामोफोनच्या तबकडीवरून फिरणारी सुई जी विजेची लहर निर्माण करते ती इतकी क्षीण असते, की तिच्या बळावर लाउडस्पीकरचा पडदा हलणे शक्य नसते. या लहरीचे रूप न बदलता तिला बळ देणे, हे ध्वनिवर्धकाचे काम होय. गायकाची मींड असो, तंबोऱ्याचा झंकार असो वा तबल्यावरची थाप असो, त्यातले काही गळता कामा नये आणि यंत्राने पदरचे काही घालताही कामा नये. जुन्या काळी लेखनिक पोथीची नक्कल जशीच्या तशी उतरवीत, त्याच जातीचे हे काम आहे.

ते साधणे सोपे नव्हते. १९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने दिव्यासारख्या काचेच्या नळीत एक बारीक जाळी बसविली. जाळीवरील विजेच्या अल्पशा चढउताराने नळीतून वाहणारा मोठा प्रवाह कमीजास्त होऊ लागला. तोटी जराशी फिरवावी आणि पाण्याची जाड धार बदलावी, तसाच हा प्रकार. परंतु ही नळी, म्हणजे व्हॉल्व्ह, मूळ लहरीला थोडी वेडीवाकडी केल्यावाचून राहत नाही. यावरचा उपाय हॅरल्ड ब्लॅक या अभियंत्याला २ ऑगस्ट १९२७ रोजी न्यूयॉर्कजवळ हडसन नदी ओलांडताना बोटीत सुचला आणि त्याने तो हातातल्या वर्तमानपत्रावरच टिपून ठेवला. बाहेर पडणाऱ्या लहरीचा लहानसा अंश उलटा करून पुन्हा आरंभी आणून सोडावयाचा, म्हणजे यंत्राने केलेली चूक यंत्राकडूनच बरीचशी पुसली जाते. यालाच ऋण पुनर्भरण म्हणतात.

या तत्त्वाचा हौशी कारागिरांना सर्वांत मोठा लाभ १९४७ साली झाला. त्या वर्षीच्या एप्रिल आणि मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी एका ध्वनिवर्धकाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात शेवटी के. टी. ६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह, करवत ओढणाऱ्या दोन सुतारांप्रमाणे, आळीपाळीने भार उचलतात. पुनर्भरणामुळे यंत्राची वर्धनशक्ती एकदशांशावर येते. पण त्या बदल्यात १५ वॅटपर्यंतच्या आवाजात विकृती हजारात एका भागाहूनही कमी राहते. देशोदेशींच्या हौशी लोकांनी हे यंत्र घरी बांधले. पुढे ट्रान्झिस्टर आले, तयार यंत्रे स्वस्त झाली. तरी व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक स्वहस्ते बांधणारे आजही आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारांत सुट्या भागांचा शोध घेत हिंडणारी ही मंडळी आढळतात.

मात्र एकाच आराखड्यावरून बांधलेली दोन यंत्रे सारखी वाजत नाहीत. एक स्वच्छ बोलते, दुसरे सतत घूं घूं करीत राहते. याचे कारण पुष्कळदा आराखड्यात सापडत नाही. ते सांगाड्यात, म्हणजे कारागीर ज्याला चासी म्हणतात त्या धातूच्या पेटीत दडलेले असते.

चासीसाठी दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनिअमचा पत्रा सोयीचा. तो सहज कापता येतो आणि लोखंडाप्रमाणे रोहित्राचे चुंबकीय क्षेत्र पसरवीत नाही. प्रथम सर्व भाग कागदावर मांडून खुणा कराव्या, सगळी भोके पाडावी, कडा कानशीने घासाव्या आणि मगच भाग बसवावे. तारा जातात त्या भोकांत रबरी कडी घालावी. नाहीतर पत्र्याची धार कालांतराने तारेचे वेष्टन कापते.

मांडणीचा पहिला नियम असा, की वीजपुरवठ्याचे रोहित्र एका टोकाला आणि क्षीण लहर जेथे शिरते ती जागा दुसऱ्या टोकाला असावी. लाउडस्पीकरकडे जाणारे रोहित्र पहिल्यापासून दूर आणि त्याच्याशी काटकोनात ठेवावे, म्हणजे एकाचे क्षेत्र दुसऱ्यात कमी उतरते. व्हॉल्व्ह तापविणाऱ्या तारांना पीळ घालून त्या चासीच्या कोपऱ्याला चिकटून न्याव्या. आपल्याकडील घरगुती वीज सेकंदाला ५० वेळा आंदोलने घेते. तिला थोडी वाट मिळाली तरी ती संगीतात शिरते.

दुसरा नियम जमिनीच्या तारेचा. प्रत्येक भागाची परतीची तार जवळच्या पत्र्याला जोडून टाकण्याचा मोह होतो. पण तसे केल्यास पुरवठ्याचा जड प्रवाह आणि सुईची नाजूक लहर एकाच पत्र्यातून परत येतात आणि जड प्रवाहाचा अंश लहरीत मिसळतो. म्हणून परतीच्या सर्व तारा तांब्याच्या एका जाड तारेला जोडाव्या आणि ती तार लहर शिरते तेथे, एकाच ठिकाणी, चासीला जोडावी. अॅल्युमिनिअमला साधा डाख धरत नाही. तेव्हा पत्रा खरवडून बोल्टाने जोड आवळावा.

तिसरा नियम जिवाचा आहे. या यंत्रात सुमारे ४५० व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरांत तो काही काळ साठून राहतो. हा साठा आपोआप ओसरावा म्हणून त्यांच्यावर कायमचा एक रोधक जोडावा आणि तरीही आत हात घालण्यापूर्वी मीटरने खात्री करावी. चासी घरातील वीजजोडणीच्या भूतारेला पक्की जोडलेली असलीच पाहिजे. आतला एखादा जोड निसटून पत्र्याला लागला, तर वितळतार जळावी. माणसाला इजा होऊ नये.

यंत्र प्रथम चालू करताना लाउडस्पीकर जोडलेला असावा. भारावाचून रोहित्रात दाब उसळून त्याचे वेष्टन फुटू शकते. चालू करताच यंत्र किंचाळू लागले, तर पुनर्भरण उलटे जोडले गेले आहे असे समजावे. ते चूक पुसण्याऐवजी वाढवीत असते; यंत्र बंद करून, साठा ओसरल्यावर, रोहित्राची व्हॉल्व्हकडील दोन टोके अदलाबदल केली की बहुधा ते शांत होते.

यानंतर तबकडी लावण्याची घाई करू नये. यंत्रात लहर शिरते ती जागा जमिनीच्या तारेला जोडावी, आवाज पूर्ण चढवावा आणि कान लाउडस्पीकरजवळ न्यावा. तेथे जवळजवळ काहीच ऐकू आले नाही, तर चासी चांगली बांधली गेली असे मानण्यास हरकत नाही.