किडनीचा उलटा हिशोब

मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. ‘मूत्रपिंड’ हा शब्द मला मामाच्या आजारपणातच कळला. तेव्हा शुद्धलेखन पोटात घाला!

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाबरोबर डायलिसिसला जायचो. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "काय रे इंजिनिअर, एवढं मोठं मशीन लागतं, तर ती मुठीएवढी किडनी हे काम कसं करायची?" मला उत्तर देता आलं नाही. मग सुट्टीभर वाचलं.

मला वाटायचं, किडनी म्हणजे चहाची गाळणी. कचरा वर अडतो, चांगलं खाली जातं. प्रत्यक्षात कारभार उलटा आहे. प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. त्यातून रक्त बाहेर नेणारी नळी आत आणणाऱ्या नळीपेक्षा अरुंद, त्यामुळे आत दाब टिकतो. त्या दाबाने पाणी, मीठ, साखर, युरिया असं सगळं बारीकसारीक बाहेर ढकललं जातं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी मागे राहतात.

असा दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. अंगातल्या रक्तात पेशी सोडून द्रव असतो जेमतेम ३ लिटर! म्हणजे तोच द्रव दिवसातून ६० वेळा गाळला जातो. हे सगळं वाहून गेलं असतं तर अर्ध्या तासात खेळ खलास.

म्हणून पुढच्या लांब नळीत वेचणी चालते. साखर जवळजवळ सगळी, पाणी आणि मीठ गरजेपुरतं परत रक्तात जातं. शेवटी उरते दीड-दोन लिटर लघवी. आई माझं कपाट असंच आवरते. आधी सगळं पलंगावर ओतायचं, मग कामाचं तेवढं आत ठेवायचं. यात कचरा ओळखत बसावं लागत नाही, कामाचं ओळखलं की झालं.

मशीनला ही वेचणी जमत नाही. पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने तयार द्रावण फिरतं. युरिया जास्तीकडून कमीकडे, म्हणजे द्रावणात जातो. जे रक्तातून जायला नको, ते द्रावणात आधीच मोजून घातलेलं असतं. १९४३ साली नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरांनी असं पहिलं व्यवहार्य यंत्र चालवलं, तेव्हा पडदा म्हणून सॉसेजचं सेलोफेन वेष्टण वापरलं होतं!

पण किडनी आठवड्याचे १६८ तास राबते आणि मामाला मशीन मिळतं १२ तास. बाकीच्या वेळात प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. म्हणून तो पाणी मापाने पितो.

मामाचं ब्लडप्रेशर अनेक वर्षं वाढलेलं होतं. त्रास काहीच नव्हता, म्हणून गोळ्या घेतल्या नाहीत. किडनी बरीच निकामी होईपर्यंत तक्रार करत नाही. सबमिशनच्या आठवड्यात चण्याफुटाण्यांसारख्या पेनकिलर खाणाऱ्या माझ्या रूममेट्सनो, त्या गोळ्याही किडनीला बाधतात बरं का!

सुट्टी संपताना मामाला हा सगळा हिशोब सांगितला. तो म्हणाला, "म्हणजे मी १८० लिटरचा कारखाना फुकटात चालवत होतो की!" आणि त्याने पेल्यातलं उरलेलं दोन घोट पाणी रात्रीसाठी झाकून ठेवलं.