कड्यावरची शिंदळ माकुडी

आमच्या सिद्धेश्वरला, पूर्णेच्या धरणाकाठी, पावसाळा सरताना तरवड पिवळाजर्द फुलतो. उंच बर्फाळ डोंगरांवरची दुर्मीळ फुलं मराठवाड्याच्या नशिबी नाहीत. पण उंचावरचं, जिवावर बेतलेलं फूल महाराष्ट्रातही आहे. जुन्नरला लेकीकडे गेलो की माझी मान शिवनेरीच्या कड्याकडे वळते. तिथली शिंदळ माकुडी!

मांसल खोड, त्यावर पाच टोकांची चांदणी: गडद तांबूस, वर पिवळे ठिपके, काठाला बारीक लव. वास मात्र नाकाला रुमाल लावावा असा. तो आपल्यासाठी नाहीच, माश्यांसाठी. परागीभवन त्याच करतात. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलने १८६० च्या दशकात तिची शास्त्रीय नोंद केली, नाव दिलं मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं: फ्रेरिया इंडिका. कड्यावरच्या फुलाला लाटसाहेबाचं नाव, असो.

जगात ती फक्त सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवते. वणवा, चराई, दरड आणि हौशी संग्राहक हे तिचे वैरी. खोडाचा तुकडा लावला तर कुंडीतही ती जगते, म्हणून वनस्पती-उद्यानांत ती वाढवतात. पण एकाच झाडाचे तुकडे म्हणजे त्याच्याच नकला. निरनिराळ्या बियांची रोपं हवी असतील, तर कड्यावरची झाडं जगली पाहिजेत, आणि त्यासाठी तिथलं गवत पेटता कामा नये.