वेबसाइट घडताना (भाग ६) : राखाडी चौकोनांवर काय बोलावं?

देवगडचा एखादा आंबा बागायतदार डोळ्यांसमोर आणा. त्याच्या वेबसाइटचा पहिला कच्चा आराखडा टेबलावर आलाय : चार पानं, राखाडी चौकोन, फोटोंच्या जागी फुल्या. बागायतदार चष्मा लावतो, क्षणभर बघतो आणि म्हणतो, "लोगो जरा मोठा करा." मुलगा म्हणतो, "हिरवा आपल्या पानांसारखा हवा." आराखड्यात हिरवा अजून कुठेच नाही!

यात त्यांची चूक फारशी नाही. जे दिसतं त्यावर माणूस बोलतो, आणि दिसणं जितकं गुळगुळीत तितकं बोलणं रंग-रूपाकडे वळतं. म्हणूनच २००८ मध्ये आलेल्या 'बाल्समिक' या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरने रेषा मुद्दाम हाताने ओढल्यासारख्या वेड्यावाकड्या ठेवल्या. कागदावर खरडलेल्या गोष्टीवर काट मारायला कुणाला संकोच वाटत नाही.

"फोटो मोठा करा" हा खरं तर उपाय झाला. दुखणं कुठे आहे ते त्यात सांगितलेलंच नाही. त्याऐवजी मुलगा म्हणाला, "ऑर्डरच्या बटणापर्यंत पोचलो तरी पेटी चार डझनांची की सहा, ते कळलं नाही," तर डिझायनरच्या हातात काहीतरी पडतं. तो आकडा किमतीशेजारी आणेल, पेट्यांचे वेगळे पर्याय देईल किंवा खरंच फोटो मोठा करील. "मजा नाही आली" या अभिप्रायाचं मात्र त्याने काय करावं?

शिवाय आराखडा नुसता बघून भागत नाही, वापरून बघावा लागतो. अमेरिकी तज्ज्ञ जॅरेड स्पूल यांनी सांगितलेला किस्सा या व्यवसायात प्रसिद्ध आहे. एका मोठ्या दुकानाच्या साइटवर पैसे भरण्याआधी एक फॉर्म यायचा : दोन रकाने, दोन बटणं, एक दुवा. कागदावर त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. पण खरे ग्राहक समोर बसवले तेव्हा नवे लोक 'नोंदणी करा' वाचूनच वैतागले आणि जुन्यांना पासवर्ड आठवेना. ते बटण काढून 'पुढे चला' आलं, सोबत खातं उघडण्याची सक्ती नाही अशी एक ओळ. स्पूल यांच्या म्हणण्यानुसार खरेदी पुरी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षात विक्री ३० कोटी डॉलरने.

मराठी साइटच्या आराखड्यात आणखी एक फसगत असते. रिकाम्या जागा भरायला डिझायनर 'लोरेम इप्सम' ओततात. सिसेरोच्या इसवी सनपूर्व ४५ मधल्या लॅटिन ग्रंथाची ती मोडतोड. लॅटिन अक्षरं कमी उंचीत मावतात. तेवढ्याच अंतरात मराठीत 'कुटुंब'च्या खाली 'वर्षांची' हा शब्द आला, की वरच्या ओळीचे उकार खालच्या रफार-अनुस्वारावर टेकतात. ही अडचण लॅटिन मजकुरात दिसणारच नाही. त्यामुळे "ओळींमधलं अंतर खरा मराठी मजकूर घालून दाखवा" ही सूचना पहिल्याच बैठकीत करावी.

काही गोष्टींत मताचा प्रश्नच येत नाही. पुढे रंग भरले जातील तेव्हा फिकट राखाडी अक्षरं 'नाजूक' की 'पुसट' यावर घरात वाद घालण्यापेक्षा मोजून बघावं : सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोध (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ हवा. बागायतदाराच्या वयाचे गिऱ्हाईक भर उन्हात मोबाइल धरून बसतात, हेही विसरू नये.

दुसऱ्या बैठकीत लॅटिन गेलं. डिझायनरने बटणावर लिहिलं होतं, 'पेटी मागवण्यासाठी नोंदणी करा'. मोबाइलच्या रुंदीत त्याच्या तीन ओळी झाल्या. "नोंदणी कशाला? पत्ता आणि फोन नंबर दिला की झालं," बागायतदार म्हणाला. बटणावर उरलं : 'पेटी मागवा'. लोगोचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.