निवटा सड्यावर चढेल काय?

ओहोटीच्या वेळी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत, कांदळवनाच्या मुळांशी जो चिखल उघडा पडतो, त्यावर छातीच्या परांचा कुबड्यांसारखा आधार घेत सरकणारा निवटा पाहिला म्हणजे, हा मासा कालांतराने खाडी सोडून सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, चढेल आणि चतुष्पाद होईल, अशी कल्पना मनात सहज उद्भवते. स्कॉटिश लेखक डूगल डिक्सन यांनी १९८१ साली ‘आफ्टर मॅन’ या ग्रंथात, मनुष्य नष्ट होऊन पाच कोटी वर्षे लोटल्यावरची सृष्टी अशाच जिज्ञासेने चितारली; तीत उंदरांचे वंशज हिंस्र श्वापदे झाले आहेत आणि सशांच्या वंशजांनी हरणांची जागा घेतली आहे.

असल्या चित्राची ग्राह्यता, माझ्या मते, प्राण्याला वारशाने काय मिळाले आहे आणि त्याच्यासाठी कोणती जागा मोकळी आहे, यांवर ठरते. सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या टिक्टालिक या माशाच्या परात दंडाचे एक आणि त्याखालची दोन हाडे होती, आणि त्या काळी जमिनीवर पृष्ठवंशीयांची वस्ती नव्हती. निवट्याच्या परात तसा सांगाडा नाही, आणि आजच्या जमिनीवर बेडूक, सरडे, साप व पक्षी यांची पुरातन वहिवाट आहे. शिवाय तो ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेत असल्यामुळे वैशाखातल्या तापलेल्या कातळावर त्याचा निभाव लागणे अशक्य.

सर्वांत बळकट बंधन मात्र प्रजननाचे आहे. चिखलातल्या बिळात हवेची कोठडी राखून तेथे अंडी घालण्याची विलक्षण युक्ती या कुळाने साधली, तरी अंड्यांतून निघणारी पिले पाण्यातच वाढतात. तरीसुद्धा हे बंधन भूवासाच्या आड येतेच असे नाही. निकोबारकडचा नारळी खेकडा प्रौढपणी पाण्यात बुडून मरतो, इतका तो जमिनीचा झाला आहे, आणि त्याची मादी अंडी सोडण्यापुरती समुद्राकाठी उतरते. म्हणून शत्रूंचा उपद्रव नसलेल्या एखाद्या दमट बेटावर, झाडावर चढणारा आणि विणीपुरता भरतीच्या पाण्याकडे परतणारा निवट्याचा वंशज मला संभाव्य वाटतो. सड्यावर धावणारा वाटत नाही.

निवट्याला अपुरा राहिलेला बेडूक समजणे अन्यायाचे आहे, कारण नैसर्गिक निवडीला गंतव्य नसते आणि भरती-ओहोटीच्या हद्दीवर तो आजच पूर्णत्वाने नांदत आहे. ती हद्दच राहिली नाही, तर पुढच्या वंशजांचा प्रश्न उरत नाही. आणि खारभूमीचा बांध घालून भरतीचे पाणी अडवले, की असंख्य पिढ्यांनी घडवलेला हा जीव त्या जागेतून काही हंगामांतच बेदखल होतो.