उन्हाळा, कोंबडी आणि खवटपणा

सातपुड्याच्या पायथ्याकडच्या वरवट बकाल परिसरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. परसात कोंबड्या पाळणाऱ्यांच्या या दिवसांत दोन तक्रारी असतात: अंडी कमी झाली, आणि जी मिळतात त्यांचे कवच पातळ आहे. मग कोणी हळद घालायला सांगते, कोणी शेवग्याचा पाला. खाद्याच्या काही पोत्यांवरही ‘नैसर्गिक अँटिऑक्सिडंटयुक्त’ असे छापलेले असते. यात तथ्य किती?

सुरुवात स्वयंपाकघरातील डब्यापासून करू. शेंगदाण्याचे कूट उन्हाळ्यात फार दिवस राहिले, की खवट लागते. कुटातील तेलाच्या रेणूंशी हवेतील ऑक्सिजनचा संयोग होतो. एक रेणू बिघडला, की तो शेजारच्या रेणूला बिघडवतो आणि साखळीच सुरू होते. कोंबडीच्या पेशींच्या पटलांतही असेच मेद असतात. श्वसनक्रियेत पेशींमध्ये ‘मुक्त मूलके’ नावाचे अतिक्रियाशील कण सतत तयार होतात व या मेदांवर हल्ला करतात. तीव्र उष्म्यात ते वाढतात. म्हणजे डब्यात घडते तेच शरीरात घडू लागते! ही साखळी तोडणारे पदार्थ म्हणजे प्रतिऑक्सिडीकारके, अर्थात अँटिऑक्सिडंट. ई जीवनसत्त्व आपला एक हायड्रोजन अणू देऊन मुक्त मूलकाला शांत करते.

हे जीवनसत्त्व कमी पडले तर काय होते, हे कोंबडीच्या पिल्लांनीच शिकवले. १९३१ मध्ये पॅपनहायमर आणि गॉट्श यांनी पिल्लांच्या एका आजाराचे वर्णन केले. पिल्लांचा तोल जाई, मेंदूला इजा झालेली असे. कारण ई जीवनसत्त्वाचा अभाव हे होते, असे पुढे सिद्ध झाले. खवट खाद्याने हा आजार बळावतो, कारण तेल खवट होताना खाद्यातील ई जीवनसत्त्वही नष्ट होते.

आता पहिली तक्रार. बलकाचे घटक कोंबडीच्या यकृतात बनून रक्तावाटे अंडाशयात जातात. उष्म्याने यकृताच्या पेशींना इजा झाली, की हा पुरवठा आटतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ३२ अंश तापमानातील कोंबड्यांवर प्रयोग केले. दर किलो खाद्यात २५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व दिल्यावर अंड्यांतील घट कमी झाली. मात्र ही मात्रा नेहमीच्या गरजेच्या कितीतरी पट आहे. मूठभर पाल्यातून ती मिळणार नाही. तरी पाला वाया जात नाही. त्यातील कॅरोटिनॉइडे कोंबडीला स्वतः बनवता येत नाहीत. ती खाद्यातूनच बलकात उतरतात. हळदीतील कुरक्यूमिन परीक्षानळीत चांगले काम करते, पण आतड्यातून फार थोडे शोषले जाते.

दुसऱ्या तक्रारीचे मुख्य कारण वेगळे आहे. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. ती धापा टाकून अंग थंड करते. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्तातील बायकार्बोनेट घटते. कवच तर सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटचे! शिवाय उकाड्यात ती कमी खाते, म्हणून कॅल्शियमही कमी मिळते. येथे सावली, खेळती हवा, गार पाणी आणि शिंपल्यांचा चुरा हेच खरे उपाय.

‘नैसर्गिक’ या शब्दालाही भुलू नये. कपाशीच्या या पट्ट्यात सरकीची ढेप सहज मिळते. सरकीतील गॉसिपॉल नैसर्गिक आहे, रासायनिक गुणांनी प्रतिऑक्सिडीकारकही आहे. पण ते बलकातील लोहाशी संयोग पावते आणि साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट होतो.

वर्गात एक प्रयोग करता येईल. ताजे कूट तीन बाटल्यांत भरा. पहिली उघडी ठेवून उन्हात, दुसरी उघडीच पण अंधाऱ्या कपाटात, तिसरी काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून त्याच कपाटात ठेवा. दर आठवड्याला वास घेऊन नोंद करा. कोणती आधी खवट झाली, आणि का? मग विद्यार्थ्यांना विचारा: घरी कोंबड्यांच्या खाद्याचे पोते कोठे ठेवतात? ते गार, कोरड्या जागी ठेवणे आणि थोडे थोडे विकत आणणे, हा खाद्यातील प्रतिऑक्सिडीकारके टिकवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.