सुईकडून किती मागावे?

अ‍ॅक्युपंक्चरची सुई केसासारखी बारीक. तीत औषध नसते. टोचलेली जागा जराशी जड होते, इतकेच. माझ्या गुडघ्याला सहाव्या खेपेनंतर उतार पडला. जिना चढू लागलो. झीज मात्र होती तेवढीच आहे.

२०१२ साली सुमारे १८ हजार रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. पाठ, मान, गुडघे, जुनाट डोकेदुखी यांत सुया घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा बराच आराम मिळाला होता. लुटूपुटूच्या सुयांशी ताडून पाहता फरक थोडाच उरला. मग गुण सुईचा की विश्वासाचा? ठणकणाऱ्या गुडघ्याला हा हिशेब सुचत नाही!

मात्र सुईचे नवे पाकीट डोळ्यांदेखत फोडायला लावावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे. आणि पाय बधिर होऊ लागला, तर पहिल्यांदा डॉक्टर गाठावा.